विषम अवस्थेचं पान

सरांनी कागद पालथा दिला.

एवढंच झालं. बाकी सगळं रोजच्यासारखं होतं. म्हणजे मी शाळेतून येऊन दप्तर आईच्या स्टुलामागच्या खिळ्याला टांगलं होतं, एक वेणी सोडली होती आणि दुसरी सोडायचा कंटाळा केला होता, आई पंचिंगच्या दांड्यावर सगळा भार टाकून कुणाच्या तरी जाडजूड प्रबंधाला भोकं पाडत होती, आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे सर काउंटरपलीकडे येऊन उभे राहिले होते. पण सर कधी कागद पालथा देत नाहीत. ते कागद सरळ ठेवतात, त्यावर बोट टेकवतात, "ही ओळ फिकी आहे बघ, जरा गडद येऊ दे," म्हणतात, आणि मग ती ओळ काय आहे हे कुणी न विचारताच सांगत सुटतात, मागे चार माणसं ताटकळली तरी. आज नुसतं "दोन प्रती" म्हणाले आणि कागदावरचा हात उचलायला त्यांना जरा वेळ लागला. मला हाकसुद्धा मारली नाही. सर मला 'मूळ प्रत' म्हणतात. मी आईसारखी अजिबात दिसत नाही, आणि आईचं दुकान झेरॉक्सचं, म्हणून पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "बाई, ही काही तुमची कॉपी नव्हे, ही मूळ प्रत आहे," आणि आई, जी गिऱ्हाइकासमोर सहसा दात दाखवत नाही, ती खळखळून हसली होती.

मशीन थंड होतं. जेवायच्या वेळी आई ते बंद करते आणि पुन्हा तापायला त्याला सहा मिनिटं लागतात, कधी सात, म्हातारं झालंय. तोवर लाल दिवा. मी झाकण उचललं, कागद काचेच्या खुणेला लावला आणि लावता लावता वाचला. वाचायचं नसतं, हा आईचा पहिला नियम. "आपण काच. काच वाचते का कुणाचं?" पण मी वाचते. मी या काचेवर रक्ताचे रिपोर्ट वाचलेत, भाड्याचे करार वाचलेत, एक प्रेमपत्र वाचलंय ज्याच्या त्या माणसाने चार प्रती काढून घेतल्या (चार! चौघींना एकच मजकूर!), आणि लोकांचे दाखले तर इतके, की अर्ध्या गल्लीची जन्मतारीख मला पाठ आहे. सरांच्या कागदावर सहाच ओळी होत्या: गेले काही महिने माझ्या स्मरणशक्तीबद्दल मला स्वतःलाच खात्री वाटेनाशी झाली आहे. काय शिकवलं आणि काय शिकवायचं राहिलं यात माझी गल्लत होते, हे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरून दिसतं. तरी पुढच्या सत्रापासून माझा विषय दुसऱ्या कुणाकडे सोपवावा. खाली सही. सही मात्र ठाम, नेहमीसारखी शेवटच्या अक्षराला शेपूट ओढलेली.

मी झाकण लावलं. हळूच लावलं तरी ते आपटल्यासारखं वाजलं. सरांच्या स्मरणशक्तीला काहीही झालेलं नाही. हे सरांना ठाऊक नाही, आईला नाही, कॉलेजच्या त्या अडतीस पोरापोरींना नाही. हे फक्त मला ठाऊक आहे, आणि त्याचा पुरावा माझ्या दप्तरात, भूगोलाच्या वहीत, नकाशांच्या मधोमध, पाच महिने आहे.

आमचं दुकान म्हणजे दहा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद. एका भिंतीला कागदांचे गठ्ठे छतापर्यंत, दुसऱ्या भिंतीला मशीन, पुढे काउंटर, आणि काउंटरची जी फळी उचलून आत-बाहेर करायचं ती आईच्या हाताशी. मला बाहेर पडायचं तर "फळी" म्हणायचं आणि आईने ती उचलायची. आई कधीच नाही म्हणत नाही. "जा की," म्हणते. बाबा जहाजावर असतात, आठ महिन्यांनी येतात, दीड महिना राहतात, त्या दीड महिन्यात तेही फळीपाशी थांबून "येऊ का जाऊन?" विचारतात आणि आई त्यांनाही "जा की" म्हणते. तरी मी शाळेत असते तेव्हाही माझा एक कान टोनर संपल्याच्या त्या टिट् टिट् आवाजाकडे असतो. मैदानावर, खो-खोच्या पाटीवर बसले असतानासुद्धा. लांब गेलं की कमी होतो आवाज, पण शून्य होत नाही. शून्य म्हणून होत नाही!

हे असं का होतं ते मला सरांनी सांगितलं, म्हणजे त्यांनी भलतंच काहीतरी सांगितलं आणि मला हे कळलं. दर बुधवारी त्यांचे बांधून झालेले कागद मी रस्त्यापलीकडे त्यांच्या खोलीवर नेऊन देते. तळमजल्यावरची खोली, खिडकीतून आमचं दुकान समोर दिसतं. एकदा ते पाठकोऱ्या कागदावर काहीतरी खरडत होते आणि मी निघत नव्हते, तेव्हा म्हणाले, "बस. एक सरळ रेषा घे. त्या रेषेवर एक कण आहे, पुढेमागे कुठेही जाऊ शकतो. आता रेषेवर एका ठिकाणी खड्डा. रुंदी शून्य. खोली मोजण्यापलीकडची. सांग, कण अडकेल का सुटेल?" मी म्हणाले, "शून्य रुंदीच्या खड्ड्यात पडायला कण आंधळाच हवा." सर इतके हसले की त्यांचं पेन गडगडत पलंगाखाली गेलं. ते काढायला मी पालथी पडले असताना वरून त्यांचा आवाज आला, "तो पडत नाही गं. पडलेला नसतो, तरी अडकलेला असतो. त्यातच तर सगळी मजा आहे."

मग त्यांनी आकृती काढली. खड्ड्यापाशी टोक, तंबूच्या शेंड्यासारखं, आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारी रेघ. ही रेघ म्हणजे कण कुठे सापडायची किती शक्यता त्याचा अंदाज. तिला तरंगफल म्हणतात. खड्ड्यापाशी सगळ्यात उंच, लांब जावं तशी खाली खाली, पण जमिनीला कधी टेकत नाही. डावी बाजू हुबेहूब उजवीसारखी. ही सम अवस्था. "आणि लक्षात ठेव," सर म्हणाले, "खड्डा कितीही दुबळा असू दे, अशी एक बद्ध, म्हणजे अडकलेली, अवस्था असतेच. दुबळा खड्डा शेपूट लांब सोडतो, इतकंच. पण सोडत नाही." मी खिडकीतून पाहिलं. आई काउंटरवर कोपर टेकून कुणाशी तरी बोलत होती, चष्मा कपाळावर. इतकी बारीक दिसत होती तिथून. मी विचारलं, "आणि सुटायचं असेल तर?" सर म्हणाले, "मग खड्ड्याच्या जागी शून्य व्हायचं. विषम व्हायचं. एका बाजूला वर, दुसऱ्या बाजूला तितकंच खाली, आणि बरोब्बर खड्ड्यापाशी शून्य. जो तिथे नाहीच त्याला खड्डा पकडणार कसा?" मला हे भयंकर आवडलं. दुकानात परतताना, म्हणजे अकरा पावलांचा रस्ता ओलांडताना, मी मध्येच दुभाजकावर उभी राहिले आणि शून्य व्हायचा प्रयत्न केला. एका रिक्षावाल्याने शिवी घातली.

"सर, बसा ना," आई म्हणाली. दांडा सोडून तिने हात पुसले. "स्टूल देऊ का बाहेर?"

"नको. चारच्या आत ऑफिसात द्यायचंय."

"मग चहा सांगते, मशीन तापेतो."

"चहा घेतला," सर म्हणाले, आणि थांबले. "घेतला असावा."

मी लाल दिव्याकडे बघत राहिले. तो दिवा इतका लाल आहे हे मला आजवर दिसलंच नव्हतं.

या वर्षी सरांनी दोन खड्ड्यांचं प्रकरण नव्याने लिहिलं. हाताने, निळ्या शाईत, एका बाजूला लिहिलेले पाठकोरे कागद. सर पानांना क्रमांक घालत नाहीत. "पानं आपापल्या जागी तर्काने लागतात," म्हणतात. खरं म्हणजे ते मधेच नवीन पान घुसवतात आणि मग क्रमांक खोडायचा कंटाळा. म्हणून आई घालते. मूळ कागद आले की आई प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडा लिहिते, एकूण आकडा वहीत टिपते, आणि काम झालं की सगळे आकडे रबराने पुसून, फुंकर मारून, कागद जसे आले तसे परत. प्रतींवर उमटलेले आकडे संच बांधताना कडेबरोबर कापले जातात. गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. आईचा या गोष्टीवर इतका जीव आहे! "पंधरा वर्षांत माझ्या दुकानात पान गळालेलं नाही," हे ती अशा आवाजात म्हणते, जसे दुसऱ्यांचे आईवडील मुलांचे गुण सांगतात. त्या दिवशी वहीत लिहिलं होतं एक्केचाळीस. आईला दवाखान्यात जायचं होतं, डोळ्यांची तारीख होती. "अडतीस संच काढ, मोजून घे, आकडे पूस," म्हणाली आणि गेली. आणि मी, एकटी, राणीसारखी, एकेक पान काचेवर लावत बसले, आणि बावीस झाल्यावर तेविसावं पान माझ्या हातात आलं.

त्यावर मधोमध आकृती होती. दोन खड्डे. एकावर तंबू वर, दुसऱ्यावर तसाच तंबू खाली, उलटा, आणि मधून जाणारी रेघ बरोब्बर मध्यावर शून्याला छेदून गेलेली. खाली सरांच्या अक्षरात: सम अवस्था नेहमीच असते. विषम अवस्था असण्यासाठी मात्र दोन खड्ड्यांत पुरेसं अंतर हवं. खड्डे जवळ आणत गेलो तर विषम अवस्था सैल होत जाते, आणि एका ठरावीक अंतराच्या आत ती उरत नाही. मी ते उभ्या उभ्या वाचलं. मग काउंटरवर बसून वाचलं. मला ते सगळं कळलं नाही, पण कळणार आहे असं वाटलं, आणि असं वाटणं हे कळण्याहून किती तरी भारी असतं, ते मला पहिल्यांदाच होत होतं. तेवढ्यात कुणीतरी दाखल्याची प्रत काढायला आलं, मी हातातलं पान पटकन भूगोलाच्या वहीत सरकवलं, गिऱ्हाईक गेलं, मी चोविसावं पान उचललं. बस्स. इतकं साधं होतं. यात कुठे काही दुष्ट आहे का? मी पाच महिने शोधतेय, मला तो क्षण सापडत नाही. मग मी आकडे पुसले, चाळीस पानांचे, फुंकर मारली. आई आली, डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिला धड दिसत नव्हतं. तिने विचारलं, "एक्केचाळीस?" मी म्हणाले, "एक्केचाळीस." मी मोजलीच नव्हती. मी आईला खूश करायला नेहमी झटकन उत्तर देते. तिला झटकन उत्तरं आवडतात. हा मात्र क्षण सापडतो. अगदी टोकासकट सापडतो.

पान वहीत आहे हे तीन आठवड्यांनी कळलं, नद्यांचा धडा आला तेव्हा. तोवर अडतीस संच वाटून झाले होते. द्यायचं होतं. रोज द्यायचं होतं. पण त्या पानामुळे मी वर्गात हात वर करायला लागले होते, हेही खरं आहे. याआधी मी तिसऱ्या बाकावर भिंतीला लागून बसणारी, हजेरीला "उपस्थित" म्हणताना घसा खाकरणारी मुलगी होते. ते पान मी इतक्या वेळा वाचलं, इतक्या वेळा आकृती काढली, की एक दिवस विज्ञानाच्या बाईंनी सममिती म्हणजे काय विचारलं आणि मी फळ्यापाशी जाऊन दहा मिनिटं बोलले. बाईंनी खडू माझ्याच हातात राहू दिला! तेव्हापासून मला सगळे विचारायला येतात. पान परत द्यायचं म्हणजे तो खडूही परत द्यायचा, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलं होतं. मूर्खपणा आहे. पण बसलं होतं.

मग मी विषम झाले. रस्त्याच्या या बाजूला आईची ठमी, जी पानं मोजते आणि चुकत नाही. त्या बाजूला सरांची मूळ प्रत, जी सगळं विचारते. एकीकडे जे वर ते दुसरीकडे खाली, आणि मधल्या दुभाजकावर मी कुणीच नाही. जमत होतं. अकरा पावलांचं अंतर पुरत होतं. आईला काय बोलले ते सरांना कळत नव्हतं, सरांकडे काय झालं ते आईला. मी दोन्हीकडे अडकलेली होते आणि दोन्हीकडे आवडती होते, आणि मला वाटायचं, अशीच तर राहतात माणसं.

परीक्षा झाली. पेपर बाहेरच्या कुणी काढला होता आणि त्यात नेमकं तेच: विषम अवस्थेची अट सिद्ध करा. अडतीसच्या अडतीस जणांनी कोरं सोडलं किंवा लिहिलं की अशी अवस्था नसतेच. वर्गात म्हणे सहासात जण बसतात, बाकीचे नोट्सवर जगतात, आणि जे बसतात तेही नोट्समध्ये नाही ते शिकवलेलं नाही असं धरून चालतात. त्यांच्यातला एक लांबलचक पोरगा, आम्ही त्याला लांब्याच म्हणतो, दारातून वाकून आत येतो, तो मागच्या आठवड्यात आईशी भांडायला आला. "काकू, मधलं एक पान तुमच्याकडून गेलं बहुतेक."

"माझ्याकडून?" आईने वही काढली. "बघ. आली एक्केचाळीस, गेली एक्केचाळीस. वाच, मोठ्यानं वाच."

"मग सरांनीच लिहिलं नसणार," लांब्या म्हणाला. "हल्ली ते विसरतात काकू. आम्हाला म्हणतात, शिकवलं होतं. सगळा वर्ग सांगतोय नाही शिकवलं, तरी म्हणतात शिकवलं होतं."

"म्हाताऱ्या माणसाबद्दल नीट बोल," आई म्हणाली. पण वही मिटताना ती जिंकल्यासारखी दिसली. मी खाली बसून रिबिनीचं रीळ गुंडाळत होते. ते गुंडाळलेलंच होतं.

आणि याहून वाईट गोष्ट मी अजून कुणालाच सांगितलेली नाही. त्याच्याही आधी, एका बुधवारी, मला राहवलं नाही आणि मी सरांना विचारलं, "खड्डे जवळ आणले की विषम अवस्था नाहीशी होते, तर ती जाते कुठे?" सरांचा चेहरा उजळला. मग त्यांनी मान तिरकी केली. "हे तुला कुणी सांगितलं?" मी म्हणाले, "तुम्हीच." झटकन. मला झटकन उत्तरं येतात. "मी? कधी?" "मागच्या बुधवारी." सर माझ्याकडे बघत राहिले. मग हसले, पण तोंडानेच. "असेल," म्हणाले. "सांगितलं असेल." आणि त्यांनी कपाळावर दोन बोटं अशी टेकवली, जशी आपण कुलूप लागलंय का बघायला दाराला हात लावतो. मी तिथून निघाले आणि दुभाजकावर न थांबता धावत दुकानात आले, "फळी, फळी" असं दोनदा म्हणाले, आणि आई म्हणाली, "मागे कुत्रं लागलंय का, ठमे?"

अडतीस जणांनी सरांना पटवलं नसतं. मी पटवलं.

मशीन आतून गरगरायला लागलं होतं. म्हणजे आता दोनेक मिनिटं. आई काउंटरवर वाकली होती, सरही वाकले होते, दोघांमध्ये हातभर फळी, आणि मी मशीनपाशी, दोघांच्या बरोब्बर मध्ये.

"मलाही हल्ली आठवत नाही हो," आई म्हणत होती. "परवा चष्मा कपाळावर आणि घरभर शोधतेय. ही पोरगी बघतेय आणि सांगत नाहीये, हसतेय नुसती."

"तुमची वही असते बाई," सर म्हणाले. "मी लांब्याला तेच सांगितलं. बाईंच्या वहीत एक्केचाळीस आहेत ना, मग एक्केचाळीस. घरी मी चार वेळा मोजली. चाळीस. कपाटं काढली, गाद्या उलट्या केल्या. म्हणजे ते पान मी लिहिलं, आणि कुठं ठेवलं ते… किंवा एक कोरंच पान चुकून दिलं असेल. मला अगदी लख्ख आठवतं लिहिल्याचं. पण हल्ली मला लख्ख आठवतं त्याचीच भीती वाटते."

"वहीचं काय घेऊन बसलात," आई म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता, आणि त्या मऊ आवाजातच तिने ते सांगितलं, सरांना बरं वाटावं म्हणून, किंवा मला. "वही मी लिहिते, पण मोजलं होतं हिनं. ही नाही चुकत."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही. दोन्हीकडून एकाच वेळी. असं आजवर झालं नव्हतं. नेहमी मधे रस्ता असायचा. मला माझ्या अंगावरून काहीतरी सैल होऊन निसटतंय असं वाटलं, जसं मोज्याचं इलॅस्टिक गेल्यावर तो पोटरीवरून खाली येत राहतो आणि आपण चालता चालता पाय झटकत राहतो. मी दोघांकडे बघून हसायचा प्रयत्न केला. आईकडचं हसू वेगळं असतं, सरांकडचं वेगळं. दोन्ही एकदम करता येईनात. मध्यावर शून्य व्हायला मध्यच उरला नव्हता.

दिवा हिरवा झाला.

"झालं बघ," आई म्हणाली. "दाब."

माझं बोट बटणावर होतं. दाबलं असतं तर दोन प्रती आल्या असत्या, सर चारच्या आत ऑफिसात पोचले असते, आणि मी घरी जाऊन जेवले असते. सगळं कसं चालू राहिलं असतं! मी झाकण उचललं, सरांचं पत्र काढून काउंटरवर ठेवलं, पालथं, जसं आलं होतं तसं. मग आईच्या स्टुलामागे जायला मला अंग चोरावं लागलं, तिचा पंचिंगचा दांडा माझ्या बरगडीत घुसला, ती म्हणाली, "अगं काय, काय हवंय?" मी दप्तरातून भूगोल काढला. पान नकाशांच्या मधून निघताना जरा चिकटलं, पाच महिन्यांत त्याला वहीची सवय झाली होती. ते मी काचेवर लावलं. दोन दाबलं. हिरवा उजेड काचेखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. दोन गरम कागद बाहेर पडले आणि मी एक सरांच्या हातात दिला, एक आईच्या.

दोघांना एकच दिलं. तेच, तसंच.

सरांनी चष्मा खाली ओढला. आईने कपाळावरून खाली आणला. बाहेर कुणीतरी विचारलं, "लॅमिनेशन होतं का?" आणि उत्तर न मिळाल्यामुळे निघून गेलं.

"हे अक्षर माझं आहे," सर म्हणाले.

"हा आकडा माझा आहे," आई म्हणाली. ती आकृतीकडे बघतच नव्हती. तिचा अंगठा खालच्या कोपऱ्यात होता, तिथे पेन्सिलीचा तेवीस फिकट, पण स्वच्छ उमटला होता.

मी मशीनकडे बघून बोलले, म्हणजे दोघांनाही सारखंच ऐकू जाईल. "मी वाचायला काढलं होतं. वहीत राहिलं. मी मोजलीच नव्हती आई, नुसतंच एक्केचाळीस म्हणाले. आणि सर, त्या बुधवारी तुम्ही मला काही सांगितलं नव्हतं. मी यातच वाचलं होतं. तुम्ही कधीच सांगितलं नव्हतं."

"म्हणजे मी विसरलो नव्हतो."

"नाही."

"काहीच नाही?"

"चहाचं मला माहीत नाही," मी म्हणाले.

सरांच्या तोंडून एक आवाज निघाला. हसू असावं. मग ते कागदावर वाकले, बोट ओळींवरून फिरायला लागलं, ओठ हलायला लागले, आणि एकदम त्यांनी काउंटरवर थाप मारली. "अरे! इथं दोन राहिलाय! छेदात दोन हवा. गाढव आहे मी! चुकीचंच लिहिलंय की!" इतक्या आनंदाने स्वतःला गाढव म्हणणारा माणूस मी पाहिला नाही. "पेन्सिल द्या, बाई, पेन्सिल."

आईने पेन्सिल दिली, सरांनी दोन घातला आणि कागद काउंटरवरच ठेवला. मला वाटलं होतं ती ओरडेल. मी ओरडण्याची तयारी केली होती, खांदे वर घेतले होते. ती ओरडली नाही. तिने काउंटरवरचं पत्र सरांपुढे सरकवलं आणि विचारलं, "याच्या काढायच्या का?" सरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. फाडलं नाही. चार घड्या करून खिशात ठेवलं. "आज राहू दे," म्हणाले. जाताना त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. 'मूळ प्रत' म्हणाले नाहीत. कदाचित पुढच्या बुधवारी म्हणतील. कदाचित पुढच्या बुधवारी कागद दुसऱ्या कुणाकरवी जातील, मला काय ठाऊक.

ते रस्ता ओलांडेपर्यंत आई बघत राहिली. मग तिने वही काढली, पाच महिन्यांमागचं पान उघडलं, आणि काही खोडलं नाही, नुसतं उघडं ठेवलं.

"अडतीस काढ," ती म्हणाली. "सरांनी दोन घातलाय ना, त्याच्याच. एकेका पोराच्या हातात मी स्वतः देणार आहे."

मी अडतीस दाबलं. उजेड जात-येत राहिला. माझ्या एका बाजूला भिंत होती, एका बाजूला कागदांचे गठ्ठे, पुढे फळी, आणि आईचा हात फळीवर. मला "फळी" म्हणायचं नव्हतं. पहिल्यांदाच म्हणायचं नव्हतं. गरम गठ्ठा मी छातीशी धरून काउंटरवर आणला.

"मोज," आई म्हणाली. "मोठ्यानं."

मी मोजले. बोट थुंकीने ओलं करून, एकेक कोपरा सुटा करून, मोठ्याने, बाहेरच्या फुटपाथवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, एकही आकडा न गाळता. प्रत्येक कोपऱ्यात तेवीस होता.

"अडतीस," मी म्हणाले.

आईने गठ्ठा आपल्याकडे ओढला, ठोकून सरळ केला, आणि पहिल्यापासून मोजायला घेतला.